अर्ध्यात सोडलेला बोगदा

३ ऑगस्ट

चि. खड्ड्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट पाहून शेवटी मीच लिहायला बसले. लहानपणी अंगण उकरून ठेवायचास म्हणून आईने तुला हे नाव दिलं. आता त्याच उद्योगाचा तुला पगार मिळतो, पण बहिणीला दोन ओळी लिहायला हात जड होतो.

बंदरापासून सरहद्दीपर्यंतचा महामार्ग आणि रेल्वे, हे सगळं आवरतं घेणार असं पेपरात आलं आहे. ह्यांना विचारलं तर हे वर्तमानपत्र घडी करून ठेवतात. पण आठवडाभर ह्यांचे बूट कोरडे घरी येत आहेत. बोगद्यातले पंप चालू असताना पंपावरच्या माणसाचे बूट कधी कोरडे असतात का? तू तुमच्या बाजूने खणतोस, आमची माणसं इकडून. निदान तू तरी मला खरं सांग.

पहिल्या गाडीने आईला घेऊन येतो म्हणाला होतास. मी तिच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली आहे. माझं हृदय हे असं, डॉक्टर मला वरच्या उंच खिंडीतल्या रस्त्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत. आईची भेट व्हायची तर ती डोंगराच्या पोटातूनच होणार. त्यामुळे माझ्या जिवाला घोर लागला आहे.

रागावले तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई


१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेपरात आलं ते खरं आहे. मोठे साहेब येऊन गेले. ऑफिसातला भिंतभर नकाशा उतरवून त्यांनी नवा लावला, तो टेबलावर मावेल एवढा आहे. बंदराकडून येणारा रस्ता आता पायथ्याच्या सिमेंट कारखान्यापाशी संपतो. रेल्वे नाही, बोगदा नाही. साहेब म्हणाले की योजना रद्द झालेली नाही, ती आटोपशीर केली आहे. निम्म्याहून जास्त खडक अजून मध्ये उभा आहे. गुरं-पोरं आत जाऊ नयेत म्हणून तोंडाशी भिंत घालायची आहे, आणि ते काम माझ्याच पाळीकडे आलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात भावोजींनी आईसाठी रुग्णवाहिका पाठवली होती, आठवतं? तेव्हा ती बसून प्रवास करू शकत होती. तिने ड्रायव्हरला चहा पाजला आणि परत पाठवलं. माझा मुलगा रस्ता खणतोय, मी हाडं खिळखिळी करत वरून कशाला जाऊ, असं ती साऱ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. मीही फुशारून गेलो, आणि तूही पत्रात हसली होतीस. आता तिच्या फुप्फुसात पाणी आहे. उंचीवर न्यायचं नाही, असं इथल्या डॉक्टरांनी बजावलं आहे.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी ती आज किती पुढे गेलास म्हणून विचारते, आणि मी ठोकून देतो. तिच्या हिशेबाने आम्ही तुझ्या दाराशी येऊन पोचलो आहोत.

काय करू ते कळव. धाकट्यावर राग धरू नये.

तुझा,
खड्ड्या


२६ ऑगस्ट

चि. खड्ड्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझा संताप आला, आणि मग मी एक वेडेपणा केला. ह्यांना न सांगता खिंडीच्या बसमध्ये बसले. खिंड दिसायच्या आतच माझे ओठ निळे पडले. ड्रायव्हरने भरलेली बस मागे वळवली. एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही, याची मला जास्त लाज वाटली. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी हे बोलायला गेले आणि ह्यांनाच रडू फुटलं.

तेव्हा मी येत नाही. येऊ शकत नाही. हे आईला स्पष्ट सांग. डोंगरात नाही तो बोगदा तू तिच्या डोक्यात खणून ठेवला आहेस. तिला वाट बघत ठेवू नकोस. तिला माझा राग आला तर येऊ दे. बसचं आणि ओठांचं मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

मागची खोली मी बंद करून टाकली आहे. तुला माझ्यावाचून आणि मला तुझ्यावाचून कोण आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई


९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. ती रागावली नाही. भिंत घातली का, एवढंच तिने विचारलं. नाही म्हटल्यावर, मला आत ने म्हणाली.

ऑक्सिजनचा सिलिंडर घेतला, तिला घोंगडीत गुंडाळून ट्रॉलीवर बसवलं आणि अगदी शेवटपर्यंत नेलं. खडकाला पाणी सुटलं होतं. त्यावर हात ठेवून तिने तुझंच विचारलं, इथून मोठी किती लांब आहे. मी खरा आकडा सांगितला. मग तिने आम्हा सगळ्यांना मागे जायला लावलं. ती बराच वेळ बोलत होती. आम्हाला आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. माझ्या पाळीतली आडदांड माणसं जमिनीकडे बघत उभी होती.

सोमवारी भिंत घातली. सवयीने मी तिचा गिलावासुद्धा गुळगुळीत केला. ताई, मला दुसरं काहीच काम येत नाही गं.

आईचं जेवण सुटल्यात जमा आहे. मला आता आशा वाटत नाही.

तुझ्या आधाराची गरज असलेला,
खड्ड्या


१३ सप्टेंबर

चि. सौ. मोठीस,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाई लिहून घेत आहेत. खड्ड्याला औषधाला पिटाळलं आहे. तो तुझी पत्रं वाचताना गाळतो, आणि गाळलं की घसा खाकरतो. म्हणून तुझं मागचं पत्र मी बाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. निळे ओठ घेऊन मला भेटायला येऊ नकोस. पुन्हा त्या बसमध्ये पाय ठेवलास तर मी तुझी कुणी नाही.

आत मी काय बोलले ते विचारू नकोस. पलीकडे कुणी नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी बोलून झाल्यावर मी उत्तरासाठी थांबले, त्याचं वाईट वाटलं.

भावाला बोल लावू नकोस. त्या रुग्णवाहिकेला मीच परत पाठवलं होतं. पोराचा अभिमान मलाच फार.

डॉक्टर अलीकडे माझ्याशी फार गोड बोलतात, त्यावरून काय ते मी समजले. मी गेल्याचं तुला कळायलाच आठवडा जाईल. मग तू रडशील, नाही नाही ते आठवून बोलशील, आणि त्यातलं काहीच माझ्या कानावर यायचं नाही. म्हणून तेव्हा जे म्हणणार आहेस ते आत्ताच लिही. भांडण राहिलं असेल तर तेही लिही. बाई एक अक्षर गाळणार नाहीत, मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आजच्या आज टाक. मला ऐकायचं आहे.

तुझी,
आई