अकरा ते पाचच्या मधल्या ओळी

एल्क फोर्ड, विस्कॉन्सिन
१० मार्च २०२४

प्रिय ताई,

तुझा गुडघा आता बरा असेल अशी आशा. डुलुथला सरोवर अजून गोठलेलंच असणार. इथे बर्फ वितळून ट्रकच्या शेडसमोर नुसता राडा झालाय. माझं ठीक चाललंय. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि कॉफी कमी करायला सांगितली. गोळी घेतो.

जानेवारीत व्हर्ना मावशीच्या अंत्यविधीला तू आलीस, पण चर्चच्या तळघरात कॉफी मांडायच्या आत निघालीससुद्धा. मी गाडीपर्यंत आलो होतो. तू काच खाली केली नाहीस, की मीच ठोठावली नाही, ते आता नीटसं आठवत नाही. तुझ्या हातात काही डबा-बिबा नव्हता एवढं मात्र लक्षात राहिलं. आपल्या गावात अंत्यविधीला तू रिकाम्या हातांनी आलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

असो. आपल्या वाजंत्री पथकाचं सांगतो. यंदा एकशे चौपन्न मुलं आहेत. फी साडेपाच हजार डॉलर केली आणि ती मागताना मान खाली जाते, तरी पुरत नाही. बसवाल्यांनी लांबच्या पल्ल्याला प्रत्येक बसवर दोन चालक सक्तीचे केलेत. शाळा पूर्वी जिमची फरशी झोपायला फुकट द्यायच्या, आता दिवसाचं भाडं लावतात आणि अंघोळीचं पाणी वेगळं मोजतात. लोकांना वाटतं पथक म्हणजे बिगुल, ढोल आणि झेंडे. खरं तर पथक म्हणजे दीडशे पोरांना उन्हाळाभर रोज चार वेळा जेवण आणि पाठ टेकायला जागा, आणि त्यातून वेळ उरलाच तर वाजवणं. हे वाक्य तुझंच आहे. मी ते देणगीदारांसमोर माझं म्हणून खपवतो.

स्वयंपाकाच्या ट्रकवर तुझ्या जागी सध्या ग्लेन हौगेन आहे. निवृत्त अग्निशामक, मनाने सोन्यासारखा, पण हाताला चव नाही. गेल्या शनिवारच्या शिबिरात एका ट्रम्पेटवाल्या पोराने विचारलं, "ग्लेनकाका, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?" ग्लेन म्हणाला, "दोन्ही. मी काही वाया घालवत नाही." पोरं हसली, पण वाट्या भरलेल्याच परत आल्या. उपाशी मुलं बारा तास उन्हात कवायत करू शकत नाहीत, हे मी तुला काय सांगू?

म्हणून एक काम. कर्मचारी धरून दोनशे माणसांच्या हॉटडिशला बटाटे किती, चीज किती, भट्टीत किती वेळ, एवढं लिहून पाठवशील? तुझं सगळं डोक्यात असायचं, कागदावर कधी उतरलंच नाही.

ट्रक साफ करताना खालच्या खणात तुझी वही सापडली, फ्रीजच्या तापमानाची. अजून माझ्या टेबलावर आहे. पाठवू का?

आणखी एक लिहायचं होतं, पण बसवाल्याचा फोन येतोय.

तुझा,
लायल


डुलुथ
२३ मार्च

लायल,

पत्र मिळालं. गुडघा आहे तसाच.

बटाटे नव्वद पौंड, कांदे बारा पौंड, चीज वीस पौंड. चीज आपणच किसायचं, किसलेलं आणायचं नाही, ते महाग पडतं आणि वितळत नाही. तळाशी लोणी सढळ हाताने. पहिला तास झाकून, मग पाऊण तास उघडं. ग्लेनला सांग, मीठ बटाटे उकडतानाच घालायचं. वरून घातलेलं मीठ पोरांना नुसतं वर लागतं. झांजवाल्या पोरांना आधी वाढायचं, त्यांचे हात सगळ्यात आधी थकतात आणि ती तक्रार करत नाहीत.

चिकनचं प्रमाण विचारू नकोस. मी आता चिकन करत नाही.

तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. दौऱ्यात त्या दिवशी मिसुरीत अकरा वाजता फ्रीज बघितला, अडतीस अंश फॅरनहाइट. चाळीसच्या खाली हवा, होता. मग किराणा आणायला घाऊक दुकानात गेले. तिथे ही रांग, त्यात टायर बसला. पाच वाजता आले तेव्हा एकोणचाळीस. म्हणजे फ्रीज नीट होता. म्हणजे जे झालं ते माझ्या हातून झालं. निघायच्या आधी टरबुजांना जागा करायला मी चिकनच्या परातींपैकी दोन बाहेर काढल्या होत्या. परत ठेवल्या असं मला आठवतं. पण कधीकधी आठवत नाही. दोन वर्षं होत आली, मी रोज त्या परातींपाशी जाते आणि रोज वेगळंच दिसतं.

आता गॅस बंद केला की तीनदा उठून बघते. सुझन म्हणते, "आई, तू बंद केलास, मी स्वतः पाहिलं." तरी उठते.

टुबाचा तो मोठा भोंगा वाजवणाऱ्या किनाला मी नाताळला कार्ड पाठवते. बाविसावं वर्ष होतं तिचं, वयाच्या अटीमुळे पुढच्या उन्हाळ्यात तिला कुठल्याच पथकात उभं राहता येणार नव्हतं, आणि तिचे शेवटचे चार कार्यक्रम इस्पितळात गेले. ती छान उत्तर लिहिते. त्याचाच जास्त त्रास होतो.

त्रेचाळीस मुलं आजारी पडली, दोन कार्यक्रम बुडाले, पथक बुडता बुडता राहिलं, आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. पथकाच्या मंडळासमोरही माझ्या शेजारी बसलास. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते, ते मानते.

वही नको. टाकून दे.

आर्डिस


एल्क फोर्ड
१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र येऊन जवळजवळ तीन आठवडे झाले. उत्तर चारदा लिहायला घेतलं. चारही वेळा गुडघ्यापासून सुरुवात केली आणि हवामानापर्यंत पोचून थांबलो. आज तसं करत नाही.

तू पराती परत ठेवल्या होत्यास. फ्रीज मी बंद केला होता.

सगळं क्रमाने सांगतो. मिसुरीतल्या त्या गावात मुक्कामाला दोन शाळा मिळत होत्या. एकीला मैदानाजवळ ट्रकसाठी वीज होती, भाडं दिवसाला चारशे डॉलर जास्त. मी दुसरी घेतली. म्हणून फ्रीज आपल्या जनरेटरवर होता आणि जनरेटर सरावाच्या मैदानाला लागून. तू गेलीस, आणि थोड्या वेळाने रेनाटो आला. आमचा वाजंत्रीचा मास्तर, तुला आठवत असेल, कॉफीत चार चमचे साखर घालायचा तो.

"लायल, ते यंत्र बंद कर."

"का रे, काय त्रास देतंय?"

"त्रास नाही देत, सूर देतंय. सकाळपासून एकच सूर, आणि तोही किंचित उतरलेला. टुबावाली पोरं नकळत त्यालाच धरून बसलीयत. कालच्या स्पर्धेत परीक्षक शेऱ्यांच्या टेपवर काय बोलले ते ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. टुबाचे खालचे सूर उतरतात, असं तिघांनीही म्हटलं होतं. त्या हंगामात आम्ही बाराव्या आणि तेराव्या क्रमांकांच्या मध्ये लटकत होतो. अंतिम फेरीला बाराच पथकं जातात, आणि गेलो नसतो तर दोन मोठे देणगीदार हात काढून घेणार होते.

"दहा मिनिटं," मी म्हणालो आणि बटण दाबलं. बारा वाजून पाच मिनिटांनी.

मग त्यांनी ती संथ सोळा मापं वाजवली. ताई, इतकी शुद्ध लागली की माझ्या अंगावर काटा आला. रेनाटो नुसता माझ्याकडे बघून हसला. तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या बसचा चालक म्हणत होता की त्याचे कामाचे तास भरले आणि तो संध्याकाळी गाडी काढणार नाही. मी पार्किंगमध्ये उभा राहून बस कंपनीशी भांडत राहिलो, बदली चालकासाठी तीन गावं पालथी घातली. चालक मिळाला. फोन खिशात टाकला आणि मैदानावर काहीतरी कमी आहे असं वाटलं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. जनरेटरचा आवाज नव्हता.

तीन चाळीसला यंत्र चालू केलं. बाहेर एकशे दोन अंश होते. फ्रीजच्या दाराच्या कडीवर मी हात ठेवला होता. दार उघडलं नाही. उघडलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर दोनशे माणसांचं रात्रीचं जेवण फेकून दुसरं आणावं लागलं असतं, कार्यक्रमाच्या तीन तास आधी. तू आलीस तोवर आतली हवा थंड होऊन काटा खाली आला होता. हवा लवकर गार होते. खोल परातीतलं मांस नाही. हे तूच मला शिकवलं होतंस.

त्या संध्याकाळी वाजंत्रीला हंगामातले सगळ्यात जास्त गुण मिळाले. मुलं नाचली. मग ती तुझी चिकनची सँडविचं खायला बसली.

पुढचं तुला माहीत आहे. एक गोष्ट सोडून. विम्याच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. त्यात 'स्वयंपाकघरात अन्न हाताळण्यातील चूक' हे अक्षर माझं आहे. तू बसच्या पायरीवर उभी होतीस, एका हातात बादली, आत मुलं ओकत होती. तू विचारलंस, "काय आहे?" मी म्हणालो, "विम्याचं." तू "बरं" म्हणालीस आणि सही केलीस. आणि मंडळासमोर तुझ्या शेजारी बसलो ते तुझ्यासाठी नाही. तू काय बोलतेस ते मला जवळून ऐकायचं होतं.

मी स्वतःला सांगत आलो की मी बोललो तर पथक बंद पडेल, दीडशे मुलांचा उन्हाळा जाईल. ते खरंही होतं थोडं. पण मला भीती होती ती पथक माझ्या हातून जाण्याची. तू जातेयस याचं वाईट वाटत होतं, भीती वाटत नव्हती. तू तुझ्या हातांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलंस, हे मला तुझ्या पत्रापर्यंत माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही. ते फ्रीजच्या दारासारखंच झालं.

गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात मंडळाची बैठक होती, पालकांसकट. मी उभा राहून हे सगळं वाचून दाखवलं. ग्लेनने विचारलं, "म्हणजे आर्डिसचा काही दोषच नव्हता?"

"नाही."

"एवढासुद्धा नाही?"

"नाही, ग्लेन."

फर्न नेल्सन, अंत्यविधीच्या जेवणाची यादी जिच्याकडे असते ती, कप खाली ठेवून म्हणाली, "त्यानंतर आम्ही तिला पूर्ण हिवाळाभर एक केकसुद्धा आणायला सांगितला नाही. मीच सांगू नका म्हटलं होतं." मग ती उठून भांडी धुवायला गेली. भांडी धुतलेलीच होती. तिला तुला लिहायचं आहे. माझं पत्र आधी पोचू दे, असं मी सांगितलं.

मी राजीनामा दिला. तो त्यांनी ऑगस्टपर्यंत बाजूला ठेवला, कारण बसचे करार, शाळांची भाडी, चालकांचे तास हे सगळं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही आणि मुलं सहा आठवड्यांत येऊन ठेपतील. तुला काढायला त्यांना दहा मिनिटं लागली होती. मला काढायचं तर माझ्या जागी माणूस मिळत नाही. हे ऐकून तुला राग येईल. यावाच.

विमा कंपनीला खरं कारण लिहिलं. पैसे परत मागतील, मागू देत. किनालाही लिहिलं. तिला तिचा उन्हाळा मी देऊ शकत नाही, पण तिने कार्डाचं उत्तर लिहिताना कुणाला माफ करायचं असतं ते तिला नीट माहीत असावं.

तू वही टाक म्हणालीस. टाकली नाही, सोबत पाठवतोय. ट्रकवर तुझा नियम होता, फ्रीजला ज्याने हात लावला त्याने वेळ लिहून सही करायची. मी एकदा चीजचा तुकडा काढला तर मलासुद्धा सही करायला लावली होतीस, सगळ्या पोरांसमोर. जुलैमधलं त्या दिवसाचं पान उघड. अकरा वाजता अडतीस, तुझ्या अक्षरात. पाच वाजता एकोणचाळीस, तुझ्या अक्षरात. मध्ये तू दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्यास, तू नसताना कुणी बघितलं तर लिहील म्हणून. त्या काल भरल्या. शाई वेगळी दिसेल.

१२.०५. यंत्र बंद केले. लायल ट्वेट.
३.४०. यंत्र चालू केले. दार उघडून पाहिले नाही. लायल ट्वेट.

उत्तर लिहायला हवं असं नाही. आज रात्री गॅस एकदाच बघ.

लायल