शह नाही, पण घरही नाही

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी आपला एखादा डाव आठवावा लागतो. तुम्ही मोताळ्याच्या शाळेत गुरुजी, पण मला बुद्धिबळ शिकवलंत ते स्वयंपाकघरात. मी भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीपासून जरा लांब पाटावर बसला आहात, आणि हात पिठाचे म्हणून मी माझी चाल तोंडानंच सांगते आहे. आपला एक हत्ती हरवला होता. त्याच्या जागी तुम्ही आईच्या शिवणाचं रिकामं रीळ ठेवलंत. हा कसला हत्ती, असं मी विचारलं. "जो हत्तीसारखा चालते तो हत्ती," तुम्ही म्हणालात. "लाकूड कोणतं हाय ते पट पुसत नाही." आई चुलीतला जाळ मागे ओढत म्हणाली, "मंग माणसाचंही तसंच धरा. कोणाच्या घरचा ते पुसू नका, चालते कसा ते पाहा." तुम्ही पुढची चाल खेळलात. बऱ्याच दिवसांनी, आंघोळीचं पाणी काढता काढता, एकदम म्हणालात, "तुही माय बरोबर बोलली." एखादं बोलणं इतके दिवस जवळ बाळगणारा माणूस मी पुढे फारसा पाहिला नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली होती. त्याच हिवाळ्यात दुसरबीडचे पाहुणे मला पाहायला आले. मुलगा घरची शेती बघणारा, त्याचे वडील गावचे पाटील, मोठे जमीनदार आणि बुद्धिबळाचे नादी. चहापोहे झाले, ओसरीवर पट मांडला गेला. मी दाराआडून पाहत होते. तुम्ही हरत आला होता. पण पाटलांनी घाईनं वजीर सरकवला आणि तुमच्या राजाला शह न बसताच त्याची सगळी घरं बंद झाली. तुमच्याकडे खेळायला दुसरं मोहरंही मोकळं नव्हतं.

"डाव बरोबरीत सुटला," तुम्ही म्हणालात.

"कसली बरोबरी, गुरुजी? आमच्याकडं राजाला असं कोंडायची चाल चालतच नाही. मी वजीर माघारी घेतो, दुसरीकडं ठेवतो."

मला वाटलं, आता तुम्ही पुस्तकातला नियम दाखवाल. पण तुम्ही म्हणालात, "पाटील, तुमचंही बरोबर हाय अन् माहंही. नियम काही आभायातून पडत नाही, माणसंच ठरवतात. आपण ठरवलेच नाही. एका पटावर दोघं दोन वेगळे खेळ खेळून राह्यलो होतो. निकाल कशाचा लावाचा?"

पाटील हसले. तुम्ही मात्र त्याच आवाजात पुढे बोललात, "म्हणून हे आताच सांगतो. लग्नानंतर पोरगी नोकरी सोडणार नाही."

पाटील म्हणाले, "आमच्या घरच्या सुना नोकरीला जात नाहीत, गुरुजी."

"मंग आज बोललो ते बरंच झालं."

विचार करून कळवतो, असं म्हणून ते उठले. आई तुमच्याशी धड बोलेना. मीही एकदा भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हटलं, "बाबा, नियम माणसाचेच हायेत, तर थोडा वाकवला असता तर काय झालं असतं?" तुम्ही म्हणालात, "वाकवता येते. पण दोघांनी मिळून वाकवला तर तो नवा नियम. एकानंच गुपचूप वाकवला तर लबाडी. अन् लग्नात वाकायची पाळी पोरीवरच येते, म्हणून आधी बोललो."

तूर निघाली तेव्हा पाटील पुन्हा आले, या वेळी एकटेच. बसल्या बसल्या म्हणाले, "सून शाळेत जाईल. आमच्या गावाकडं बदली होईस्तोवर इथं राहील. बोला, आणखी काय ठरवायचं?" पुढे त्यांनी तो शब्द असा पाळला की भावकीत कुणी नाक मुरडलं तर तेच उठून बोलायचे. मी केस पांढरे होईपर्यंत शिकवलं. वर्गात भांडणं झाली की मुलांना आधी विचारायचे, तुमचं ठरलं काय होतं? हे तुमचंच होतं, बाबा. कुणी मोठं तत्त्व सांगितलं की मला पाहुण्यांपुढे आपलं बोलणं खरं करून दाखवणारे तुम्ही आठवता, समोर मुलीचं स्थळ मोडायला आलं असतानाही आवाज न चढवणारे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही अट घातलीत तेव्हा दाराआड माझा जीव घाबरा झाला होता, तो नोकरीसाठी नाही. मुलगा मला पाहताक्षणीच आवडला होता. ती माणसं पुन्हा आलीच नसती, तर तुमचं हे शहाणपण मला कितपत पटलं असतं, सांगता येत नाही. पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर एवढं मी खोडलं असतं.