गावाबाहेर गेलेलं एक मत

अण्णा, परवा आपल्या चौकाला तुमचं नाव दिलं. निळी पाटी, पांढरी अक्षरं, आणि खाली नगरसेवक व्हायला निघालेल्या तुमच्या नातवाचं नाव तुमच्यापेक्षा मोठं. त्याचं मला काही नाही. पण पाटीखाली जे रंगवलंय त्यानं माझं डोकं फिरलंय. 'ज्यांच्या शब्दाबाहेर गावातलं एकही मत कधी गेलं नाही.' गेलं होतं. एक गेलं होतं आणि ते माझं होतं. तुम्ही ते शिंप्याच्या माथी मारलंत. हाच तुमचा नातू, माझा पुतण्या, आठवडाभर आधी येऊन म्हणाला होता, "काका, आजोबांवर दोन मिनिटं बोला. थोडं इमोशनल. पॉलिटिकल काही नको." मी तेव्हाच ठरवलं होतं की माईक हातात आला की सांगून टाकायचं, साऱ्या गावासमोर. ज्या गावासमोर तुम्ही त्याला घालवलंत त्याच गावासमोर. तेव्हापासून मला धड झोप नाही आणि बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदा हेही आठवत नाही.

आपला मतदारसंघ आता नकाशावर नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. फेररचना झाली, अर्धे तालुके एकीकडे गेले, अर्धे दुसरीकडे, आणि आपलं गाव महापालिकेत येऊन पडलं. हडपसरच्या पुढे पूर्वी शेतं लागायची, आता सिग्नल लागतात. ज्या मतदारसंघासाठी तुम्ही जीव टाकलात तो एका सरकारी कागदानं पुसला, गावाला चावडीवर बोलावून विचारायलाही कुणी आलं नाही. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, त्याचं चिन्ह वर चिकटवलेलं. कुठली पेटी ते तुम्ही घरोघर जाऊन सांगून आलात. आईला विचारलं, कुणाला दिलंस, तर म्हणायची, "तुझ्या बापाला." तुम्ही उभे नव्हतात, पण तिचं काही चुकलं नव्हतं. पुढे कागदावर शिक्का मारायचा आला, चिन्हं वाढली, तशी तुमची काळजी वाढली. मग तुम्ही देवळात बेलभंडारा उचलायची चाल काढलीत. मतदानाच्या आधी प्रत्येक घरातला कर्ता पुरुष खंडोबासमोर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेणार आणि घरातली सगळी मतं तुमच्या खासदारांना, अशी शपथ घेणार. त्याला तुम्ही एकी म्हणत होतात.

आणि त्या एकीच्या बदल्यात काय मिळालं? ओढ्यावरचा पूल. दर निवडणुकीला मिळालेला आणि कधीच न बांधलेला. हायस्कूल ओढ्यापलीकडे होतं. सातवीनंतर पावसाळ्यात दोन वेळा मी कमरेएवढ्या पाण्यातून गेलो, तिसऱ्यांदा वाहून जाता जाता वाचलो, तर तुम्ही म्हणालात, "बास झाली शाळा. पूल झाला की बघू." पूल झाला नाही. खासदार घरी आले, चहा प्याले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हा काय शिकतो?" तुम्ही हसून म्हणालात, "शेती शिकतोय." मी दाराशी उभा होतो अण्णा. माझी बोटं दाराच्या चौकटीवर आवळलेली होती आणि ती तुम्ही पाहिली नाहीत.

माझं पहिलं मतदान आलं तेव्हा लग्न झालं होतं, म्हणून मलाही भंडारा उचलायला लावलात. त्या वर्षी खासदारांच्या विरोधात त्याच हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर उभे होते, सायकलवरून फिरायचे, मागे एक माणूस झेंडा धरून. मतदानाला दोन कागद हातात आले, एक मुंबईचा, आमदारकीचा, एक दिल्लीचा, खासदारकीचा. मुंबईच्या कागदावर मी तुम्ही सांगितलं तिथं शिक्का मारला. दिल्लीच्या कागदावर मात्र हात थांबला. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी इतका वेळ उभा राहिलो की बाहेरून कुणीतरी खाकरलं. मग हेडमास्तरांच्या चिन्हावर शिक्का मारला, शाई लागू नये म्हणून फुंकर घातली, घडी केली, पेटीत टाकली. तेवढं एकच शहाणपण मी आयुष्यात केलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

तेव्हा प्रत्येक गावाच्या पेटीतली मतं वेगळी मोजत, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. मोजणीला बसवलेला तुमचा माणूस सायकल दामटत आला आणि ओट्यावर टेकत म्हणाला, "निवडून आले. पण आपल्या पेटीतनं एक मत मास्तरला गेलं." खासदार हजारोंनी जिंकले आणि तुम्ही त्या एका मतानं काळेनिळे झालात. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर सगळ्यांना बोलावलंत. मी तुमच्या मागं उभा आहे. तुम्ही म्हणता, "ज्याचं मत गेलं त्यानं सांगावं. मी काय खानार न्हाई." मग सगळे हळूहळू शिंप्याकडे बघायला लागतात, कारण हेडमास्तरांचे झेंडे त्यानं शिवले होते.

"पोटासाठी शिवलं, अण्णा," तो म्हणाला. "तुमचंबी शिवलं की."

"मत कुनाला शिवलं ते सांग."

"मी भंडारा उचललाय."

"भंडारा समद्यांनीच उचललाय. मग मत काय खंडोबानं टाकलं?"

लोक हसले. मीही हसलो, अण्णा, कारण न हसलेला माणूस उठून दिसला असता. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्यापासनं ह्याच्याकडं कुनी कापड टाकायचं न्हाई." शिव्या दिल्या असत्यात, दोन ठेवून दिल्या असत्यात, तर तो राहिला असता. पाडव्याला गावात कुणाचंही नवं कापड त्याच्या मशीनवर आलं नाही. पाडव्यानंतर त्यानं मशीन बैलगाडीत घातलं, बायको आणि दोन पोरी मागं बसल्या, आणि गाडी त्याच ओढ्यातून, त्याच पाण्यातून गेली.

पुढे मी मार्केट यार्डात वजनकाट्यावर कामाला लागलो. एकदा शनिवार पेठेत तुमचं औषध आणायला गेलो तर एका जिन्याखाली मशीन मांडून तो शिंपी बसलेला. मला वाटलं तोंड फिरवेल. तर म्हणाला, "या, धाकले कारभारी. गाव बरंय?" माझा खिसा उसवलेला होता, तो त्यानं बोलता बोलता शिवून दिला. "अण्णा कसे हायत?"

"थकलेत."

"त्यांना सांगा, माझं मत त्यांच्याच मानसाला होतं. मला परत यायचं न्हाई. इथं चांगलं चाललंय. नुसतं सांगा."

मी घरी आलो. तुम्ही बाजेवर होतात, औषध हातात घेतलंत, बाटलीवरचं वाचायला मला सांगितलंत. मी वाचलं. तेवढंच वाचलं. आषाढात तुम्ही गेलात. पुढं मी त्याला शोधत गेलो तर जिन्याखाली किल्ल्या बनवणारा बसलेला, त्याला शिंप्याचं काही माहीत नव्हतं. मी दोनदा गुडघा मोडून घेतला, दोन्ही वेळा वाटलं, हा भंडाऱ्याचाच फटका, मोडलेल्या शपथेचा नव्हे, त्या चावडीवरच्या हसण्याचा. आणि पूल झाला बरं का. वीस मजल्यांच्या इमारती आल्या तेव्हा सहा महिन्यांत झाला. त्यासाठी कुणाला शपथ घ्यावी लागली नाही.

तर परवा माईक हातात आला. समोर खुर्च्या, निम्म्या रिकाम्या, बाकीच्यांत सोसायट्यांतले लोक, मोबाइलमध्ये डोकं घातलेले. पहिल्या रांगेत तुमच्या वेळचा एकच माणूस उरलाय, तोच, मोजणीची बातमी आणणारा, हातात काठी, कानात यंत्र. मी म्हणालो, "पाटीवर लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. एक मत गेलं होतं." पुतण्यानं माझ्या कोपराला हात लावला. म्हातारा खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाला, "शिंप्याचं. माझ्या ध्यानात हाय." लोक हसले. कोण शिंपी, कसलं मत, काही ठाऊक नसताना हसले. ती वेळ होती, अण्णा. हातातला माईक गरम झाला, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा शिंप्याकडे बघत होते तसे.

मी म्हणालो, "हो. शिंप्याचं."

टाळ्या झाल्या. पुतण्या कानात म्हणाला, "काका, मस्त. मोमेंट झाला." हे सगळं लिहून कुठे टाकणार आहे मी, सुनेच्या हाती लागू नये म्हणून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतोय. तुमच्यावर राग काढायला बसलो होतो आणि तो अजून आहेच. पण तुम्हाला निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं.