दोनशे छप्पन्न पत्ते परत घेताना

१ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. पुरावा म्हणून. उद्या प्रकरण कोर्टात गेलंच तर न्यायाधीशांना कळावं, म्हणून सोपं करून लिहितो.

घराला नंबर असतो तसा इंटरनेटवर मशीनला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते कधीच संपले. ज्याच्याकडे आहेत तो जमीनदार. माझ्याकडे दोनशे छप्पन्नचा अख्खा ब्लॉक आहे. वीस वर्षांपूर्वी, कॉलेजचं तोंड न पाहता, नुसती पुस्तकं वाचून मिळवला. यावर गल्लीत इंटरनेट पुरवायचो. गिऱ्हाइकं मोठ्या कंपनीकडे पळाली, तेव्हा गेल्या मार्चमध्ये दलालामार्फत एकाला वर्षभर वापरायला दिला. पंधरा तारखेला परत यायचा. लेक स्वतःची कंपनी काढते आहे, १९ला सुरू. पत्त्यांशिवाय तिचं पान हलणार नाही. सांगून टाकलंय, ती काळजी तुझ्या बापाची.

दलाल परतीचा मेल पाठवणार. मी पंधराच्या आत 'मान्य' असं उत्तर द्यायचं. नाही दिलं तर ब्लॉक आणखी वर्षभर दलालाकडे, हवं त्याला द्यायला मोकळा. कलम सात मी स्वतः घालून घेतलं: फोनवरचं बोलणं ग्राह्य नाही. सगळं लेखी, माझ्या मेलवर.

मेलही माझा स्वतःचा. फुकटच्या मेलवर विश्वास नाही. जिन्याखालच्या खोलीत मशीन आहे, त्याला याच ब्लॉकमधला दहा नंबरचा पत्ता पहिल्या दिवशीच लावला. गेल्या वर्षभरात एकही फालतू मेल नाही. याला म्हणतात बंदोबस्त.

४ मार्च
मेल नाही. दलालाचा फोन दोनदा आला. दोन्ही वेळा कापला. लेखी द्यायला ज्याचा हात कापतो तोच फोन करतो.
ही म्हणाली, अहो, उचलला असतात तर काय कानाला फोड आला असता? म्हटलं, तुला कलम सात माहीत नाही. म्हणाली, मला तुम्ही माहीत आहात.

६ मार्च, दुपार
लेक आली होती. बाबा, तुमचा मेल चालू आहे का तपासलंत? हसू आलं. तिच्यासमोर मीच मला मेल पाठवला. विषय: चाचणी. पापणी लवायच्या आत हजर. तर म्हणते, तो एकाच कपाटातल्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात गेला, बाहेरून पाठवून बघा. बाहेरून म्हणजे फुकटच्या मेलवरून! म्हटलं, चोराच्या हाती आपल्या किल्ल्या देऊ? पर्स उचलून निघाली. पटलं असावं.

७ मार्च
लेकीने तिच्या फुकटच्या मेलवरून मला तीन मेल पाठवले म्हणे. एकही आला नाही. फुकटच्या मेलचा दर्जा तिलाच कळला, बरं झालं.

९ मार्च
फोन: चार. मेल: शून्य. दलालाचा डाव आता लख्ख दिसतो. मेल पाठवायचाच नाही, मुदत उलटू द्यायची आणि ब्लॉक गिळायचा. पण गाठ माझ्याशी आहे.
संकल्प: रोज सकाळी सहा ते आठ मशीनसमोर बसणे.

१० मार्च, ८.४०
आत्ता उठलो. उद्यापासून.

११ मार्च
दलाल चक्क दारात! दाराच्या भिंगातून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, हातात जाड पाकीट, चेहऱ्यावर हसू. बंद दाराकडे बघून कोण हसतं? दार उघडलं नाही. पाकीट फटीतून सरकवून गेला. फोडलं नाही, फोडणं म्हणजे स्वीकारणं. पिशवीत घालून, वर तारीख टाकून कपाटात ठेवलं.
हिला तो जिन्यात भेटला. दहा मिनिटं बोलत होती. वर येऊन म्हणते, किती साधा माणूस! साध्या माणसाला इस्त्री कशाला लागते?

१३ मार्च
मशीनच्या पंख्यातली धूळ काढली. खोट आपल्या बाजूला नको.

१५ मार्च, सायंकाळी ६
मुदत संपली. मेल आला नाही. म्हणजे करार त्याने मोडला. मी जिंकलो.

१६ मार्च
चौदा मुद्द्यांची तक्रार लिहून दलालाला मेल केली. मुद्दा नऊ: इस्त्री. मशीन म्हणतं, मेल रांगेत आहे. तिकडे तक्रारींची गर्दी दिसते.
लेकीला म्हटलं, थोडा धीर धर. म्हणाली, बाबा, तीन दिवस राहिलेत, मी बघते माझं. वाईट वाटलं. तरी सल्ला दिला: कुणाकडूनही घे, पण आधी मालक कसा आहे त्याची चौकशी कर.
केली आहे म्हणाली.

१९ मार्च
लेकीचं ऑफिस. दोन टेबलं, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. काम वेळेवर सुरू झालं. पत्ते एका वर्षासाठी घेतलेत. कुणामार्फत? त्याच दलालामार्फत! म्हटलं, फसलीस. कागद दाखव.
चष्मा लावून वाचला. ब्लॉकचा नंबर ओळखीचा वाटला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.
माझाच.
खाली दलालाचा शेरा: मालक सज्जन, परंतु पत्रांना उत्तर देत नाहीत.
सोबत आलेल्या हिने पर्समधून कपाटातलं ते पाकीट काढलं. फोडलेलं. आत अकरा मेल, छापून, तारखेवार. अकराव्यात लिहिलंय: साहेब, तुमचा मेल ज्या दहा नंबरवर येतो तो नंबर तुम्ही ब्लॉकसकट वर्षापूर्वीच भाड्याने दिलात. तुमची पत्रं भाडेकरूच्या दारात जातात. कृपा करून फोन उचला.
लेक म्हणाली, बाबा, दहा नंबर तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

२० मार्च, सकाळी ९.३५
दहा नंबर सुरू. तासाभरात चारशे बारा फालतू मेल.
रांगेतली चौदा मुद्द्यांची तक्रार मशीनने आपण होऊन दलालाला पोचवली. मला थांबवता आली नाही.
९.४० — त्याचा फोन.
उचलला. म्हणाला, साहेब, इस्त्री बायको करते.