कार्डांची अदलाबदल

९ जून, सोमवार
शेखर सरांची कमाल आहे! मी बॅग ठेवते न ठेवते तोच — "साधना, वेबसाइटवर आपल्या टीमचं पान आहे ना, तिथे रोहितचं फोटो-नावाचं कार्ड पहिलं घे. तुझं त्याच्या जागी, शेवटी." का? तर अंबडच्या कारखान्याचं काम आता तो बघणार. "मूळ पानाला हात लावू नको, वरून कोडनं अदलाबदल कर. दोन मिनिटांचं तर काम!"

कारखान्याचं ते काम मी उभं केलंय! हेल्मेट घालून कारखानाभर हिंडले, एकेका सुपरवायझरला विचारून विचारून. रोहित आत्ता दिवाळीनंतर आलाय. आणि मला खाली उतरवायचं तेही माझ्याच हातानं! माझं काय चुकलं विचारलं, तर म्हणे "अगं, मनावर नको घेऊस." वा रे वा!

१० जून
केली अदलाबदल. टाकलं रोहितचं कार्ड माझ्या जागी. रागाच्या भरात तपासलंसुद्धा नाही.

१२ जून
अरे देवा! माझं कार्ड पानावर नाहीच! शिकाऊ पोरं करतात तसली चूक. कोडमध्ये पान म्हणजे एक झाडच, एकाच्या जागी दुसरं टाकलं की पहिलं त्या झाडावरून सुटतं. ते आपलं आपण दुसऱ्या जागी जाऊन बसत नाही. आधी तिथे एक रिकामा डबा ठेवून जागा धरायची असते. इतकंही सुचू नये मला?

पण ऑफिसात एकाच्याही लक्षात येऊ नये? सर येईल त्याला ते पान दाखवतात. रोहित स्वतःच्या फोटोवर खूश. मी नाही दुरुस्त करणार! बघू कोण विचारतंय.

१३ जून
कोणी नाही.

१५ जून, रविवार
विचारलं! आमच्या अण्णांनी! जेवताना मोबाइल पुढे करून — "साधना, तुझा फोटो नाही गं यात. काढला का?" मला भरूनच आलं. दिवसभर गुलाबाच्या शेतात राबणारा माझा बाप, त्याच्या तेवढं लक्षात आलं! म्हटलं, काढला नाही, माझ्या चुकीनं गेला. "असं होय," म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. घरी तरी माझी किंमत आहे.

१६ जून
कार्ड परत लावलं. सरांना तोंडावर सांगितलं — पहिली जागा द्या, नाहीतर कारण सांगा. सर गडबडले. "अगं, तुझ्या अण्णांचाच फोन आला होता. म्हणाले, पोरीचं लग्न ठरवलंय, नोकरी सुटेल, आत्तापासूनच काम दुसऱ्याकडे द्या. तिला एवढ्यात सांगू नका."

लग्न! कोणाशी?