कारवारला उगाच गेलो

१२ मे १९८६, सोमवार. मडगाव

आजही दादानं विषय काढू दिला नाही. चाकूरहून दोन दिवस गाड्या बदलत आप्पांना इथं आणलं ते काय गोवा बघायला? आल्यापासून रेल्वेतल्या बढतीचं सांगतोय, वहिनी मासे करायला कशा शिकल्या ते सांगतोय. आप्पांकडे धड बघत नाही. आप्पा मध्येच विचारतात, अहमदपूरची गाडी लागली का — तर हसतो. त्याला वाटतं म्हातारा गंमत करतोय.

निजामाच्या मोटारीपासून एसटीपर्यंत तीस वर्षं कंडक्टरकी केली त्यांनी. आता घरातून निघतात आणि स्टँडवर जाऊन बसतात. एकदा थेट उदगीरला पोचले होते. शाळेत शिकवायला जाताना मी बाहेरून कडी लावते. शेजारच्या धुरपताबाई लक्ष ठेवतात, पण टँकर आला की त्याही घागरी घेऊन पळतात. तीन दिवसांनी एकदा येतो, त्यांचा तरी काय इलाज? कडीचं दादाला कधी पत्रात लिहिलं नाही. लाज वाटते.

१३ मे, सकाळ

आज बोलणारच. बी.एड.ला नाव दुसऱ्यांदा निघालंय. गेल्या साली सोडलं, यंदा सोडलं तर संपलं. जिल्हा परिषदेची परवानगी हातात आहे — लातूर जिल्हा झाल्यापासून एवढं एक बरं, उस्मानाबादच्या चकरा वाचल्या. वीस जूनला औरंगाबादला हजर व्हायचं. एक वर्ष मागतेय भावाकडे. एकच!

१३ मे, संध्याकाळ

बोलले. सकाळच्या चहाच्या वेळी सरळ सांगितलं — वर्षभर आप्पांना ठेवून घे. दादानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, आज सुट्टी आहे, चला, कारवारला जाऊन येऊ. वहिनींनी पोळ्यांची कणीक तशीच झाकून ठेवली आणि लुगडं बदलायला गेल्या.

बसमध्ये आप्पांपुरतीच जागा मिळाली, उकाड्यानं जीव चाललेला. गोव्याची हद्द संपते तिथं पोलिसांनी सगळ्यांना खाली उतरवलं, दारूच्या बाटल्यांसाठी पिशव्या तपासल्या. माझ्या पिशवीत आप्पांचं जास्तीचं धोतर आणि औषध. पोलिसानं ते धोतर झटकून बघितलं. पुढं सगळ्या पाट्या कानडी. आप्पा मात्र एकदम ताठ बसले. उदगीरच्या गाडीवर शिकलेली कानडी त्यांना अजून येते, मागच्या बाईशी बोललेही.

समुद्र मोठा आहे. यापलीकडे मला काही वाटलं नाही. गावात घागरभर पाण्यासाठी रांगा आणि दादा मला लाटा दाखवत होता, जशा त्यानंच सोडल्यात. आप्पांना वहिनींजवळ सावलीत बसवलं आणि मी पुन्हा विषय काढला. तो म्हणाला, दोन खोल्या आहेत, ड्यूटीचा भरवसा नाही, तुझ्या वहिनीला, सिंधूला, झेपणार नाही. मग म्हणाला,

"तू लगीन केलं न्हाईस. तुला काय अडचण हाय?"

माझा आवाज चढला. लोक बघायला लागले. मी म्हणाले, "नऊ वर्षं झाली सांभाळतेय, दादा. आप्पा माझ्या एकटीचे हायत का?" भांडण ऐकून वहिनी आम्हाला आवरायला उठून आल्या.

वळून बघतो तर सावलीत आप्पा नाहीत.

पाऊण तास. दादा वाळूत धावत होता, आप्पा म्हणून हाका मारत होता. मी त्याला स्टँडकडं ओढत नेलं. बेळगावच्या गाडीत आप्पा खिडकीशी बसलेले. कंडक्टर म्हणाला, यांना लातूरला जायचंय म्हणतात, बेळगावला गाडी बदलतो म्हणाले. कानडीत सगळं नीट सांगितलं होतं त्यांनी. दादा आप्पांना खाली उतरवून माझ्यावरच ओरडला, तुझं लक्ष कुठं होतं. माझं! नऊ वर्षांत त्याचं लक्ष एकदा चुकलं नाही, कारण आप्पा त्याच्याकडे कधी नव्हतेच.

येताना आप्पा माझ्या खांद्यावर झोपले. दादा पुढं उभा.

१४ मे

दादा न जेवताच ड्यूटीला गेला. आप्पा दोनदा जेवले.

१५ मे, गुरुवार

वहिनींनी भाजी निवडताना विचारलं, दिवसभर काय करतात आप्पा, कसं सांभाळता. मी कडीचं सांगून टाकलं. म्हटलं, आता नाक मुरडतील. त्या धर्माबादच्या, मोजकंच बोलतात. त्या भाजी निवडत राहिल्या.

जेवताना दादाला म्हणाल्या, "आप्पा हितं राहतेल. सकाळी ड्यूटीला जाताना संगं न्या, फलाटावर बसवा. त्यांना गाड्याच पाहिजेत न्हवं? दुपारी मी घेऊन येईन."

दादा म्हणाला, लोक काय म्हणतील. वहिनींनी त्याच्या ताटात भात वाढला.

झालं. मला आनंद व्हायला हवा होता. झोंबलं. एवढं साधं मला का सुचलं नाही? चाकूरच्या स्टँडवर बाकडी नव्हती का? कंडक्टर लोक त्यांना ओळखत होते. मी फक्त कडी लावत गेले.

१६ मे

दादासोबत सकाळी आप्पा स्टेशनात जाऊन आले. इंजिन कसं मागं येतं ते मला दोनदा सांगितलं.

१७ मे, शनिवार. बेळगावच्या गाडीत

अक्षर हलतंय. दादा आणि आप्पा सोडायला आले होते. दादा पाणी भरून आणायला गेला, तेवढ्यात आप्पा खिडकीशी आले. माझा हात धरला. नजर अगदी स्वच्छ.

"कारवारला मी चुकलो न्हवतो, माय. तुमचं समदं ऐकलं. म्हणलं, आपणच निघावं."

दादा पाणी घेऊन आला आणि गाडी सुटली. मी उतरले नाही.