पखुर्डीचं ओलं पोट

सौंसर, मार्च १९८४

प्रिय उत्तम,

जयभीम. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. अरवलीचा डोंगर इथूनच दिसला. नुसता दगड, मधूनमधून खैर न् निवडुंग, पाण्याचं नाव नाही. सरकारनं तुला खडक तपासायला नेलं. इथं रामाकोना गावच्या आपल्या वावरातले दगड वेचायचे म्हटलं की तुझी कंबर दुखायची.

ज्याला तू नीलगाय लिहितोस तो आपला रोहीच ना? साहेबांत बसून नावंही विसरला. घोरपड कपारीत अंग फुगवून बसते, तरस हसल्यासारखं ओरडतं, सगळं कळलं. तरसाची तब्येत कळली, बायकोची मात्र तू विचारली नाहीस. लग्नाला वर्ष झालं, इंदूचं नाव एकाही पत्रात नाही. ती बोलत नाही बाप्पा. पोस्टमन दिसला की अंगण झाडायला घेते. झाडलेलंच झाडून राहिली.

मला अक्षर येत नाही, पण अक्षर बदललं की कळतं. तुला कळलं का? आजवर शेजारची वंदना लिहायची, तिची परीक्षा आहे. हे इंदू लिहून राहिली. तुझी बायको दहावी पास आहे, ठाऊक नसेल तर सांगते. वरचं लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, पत्र माझं आहे, तू मुकाट्यानं लिही. आता नाक पुसून राहिली, म्हणून ओळ वाकडी.

एक गोष्ट मात्र तू चांगली लिहिलीस. पखुर्डीचा नर लांबच्या पाण्यात जाऊन बसतो, पोटाची पिसं भिजवतो न् उडत येतो. कोरड्या माळावरची पिलं त्याच्या पोटाला चोच लावून पाणी पितात. शहाणा पक्षी. त्याला घरी बोलवायला कोणाच्या आजीला पत्र घालावं लागत नाही.

दसऱ्याला तू घरी आला होतास. आषाढात आपल्याकडं पिलू येणार आहे. तो विचारील तेव्हा सांगीन, असं इंदू म्हणे. तुझ्या विचारण्याची वाट पाहण्याइतकं माझं वय राहिलं नाही. तू ये. पोट भिजवून आणू नको, आपल्या विहिरीला पाणी आहे, नुसता ये. खाली थोडी जागा सोडायला लावली आहे. तिथं ती काय लिहील ते मी पाहणार नाही. पाहिलं तरी मला काय कळणार?

तुझीच,
आजी